डाव्या हाताची गाठ

सिमिविसोन्नोस महिना, चढता चंद्र
हस्ते : मयत बानोना हंसवाली

विंदिल, भावा,

हे पत्र बानोना घेऊन येते आहे. ओळखशील ना? लहानपणी जिच्या हंसांनी तुला पार नदीपर्यंत पिटाळलं होतं, तीच. परवा जेवताना कुणाशी तरी भांडत होती, ठसका लागला आणि आटोपली. ठसक्याने गेली की भांडणाने, यावर गावात दोन तट आहेत. उद्या सकाळी चिता रचतील. तुझं पत्र मी तिच्या उजव्या मनगटाला बांधलंय. डावं मनगट तिने तिच्या नवऱ्यासाठी राखून ठेवलं होतं. त्याच्या नावाची तीन भूर्जपत्रं तिने माझ्याकडून आधीच लिहून घेतली होती. तिन्हींत नुसत्या तक्रारी आहेत. तो भेटला तर त्याला थोडं सावध कर.

गावातली सगळी पत्रं आता मीच लिहितो. अक्षरं ग्रीक व्यापाऱ्यांची, बोली आपली गॉलची. आपल्या पुजाऱ्यांना, द्रुइडबुवांना, लिहिणं पसंत नाही. डोक्यात मावत नाही ते ज्ञानच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या डोक्यात पुष्कळ मावतं. जागा मोकळी आहे. पण पलीकडच्या गावी निरोप धाडायचा तर चितेवर पत्र टाकण्यावाचून दुसरा मार्ग कुठला? मग लोक माझ्या दारात येतात. काल सुताराची विधवा आली. म्हणाली, "लिही मातु, कुऱ्हाड कुठे ठेवलीस?"

म्हटलं, "वहिनी, माणूस जाऊन दोन हिवाळे झाले. काही मायेचं लिहू या की."

"मायेचं मागाहून. आधी कुऱ्हाड."

तुझ्या उत्तराची मी वाट बघत नाही. पलीकडून कुणाचंच उत्तर येत नाही, आणि इथे होतास तेव्हाही तू काही मोठा उरकाचा नव्हतास.

आईची नजर जवळजवळ गेली. पिंपांच्या पडवीत बसून असते. शिकाऊ पोरांनी पिंपाला बांधलेलं प्रत्येक कडं चाचपून बघते आणि ओरडते, "ही गाठ कुणी मारली? पिंप बांधायचंय की बकरी?" तुझ्या डाव्या हाताची उलट्या पिळाची गाठ अजून कुणाला जमलेली नाही. ते ती रोज एकदा सांगते. मी तिचा पाळलेला मुलगा, भाट. मला तर साधी गाठही येत नाही, हेही ती रोज एकदा सांगते.

रोमन आता इथेच राहतात. आधी आपल्या तुमानींना हसायचे. पहिल्याच हिवाळ्यात मांड्या निळ्या पडल्या, तेव्हापासून चोरून घालतात. आपल्या साबणाने डोकं धुतात, आपल्या लोहारांनी कड्यात कडी गुंफून केलेलं चिलखत घालतात, आपल्या लोखंडी धावांच्या चाकांवर बसून येतात, आणि खाली उतरून आम्हाला सांगतात की आम्ही तुम्हाला सुधारायला आलो आहोत.

तुझ्यावरचं गाणं इतक्या वर्षांनी अजून चालतं. हरणाच्या उताराची रोमनांशी झालेली लढाई म्हटली की बाजारात लोक तेच मागतात.

पांढऱ्या घोड्यावरून उतारात शिरला विंदिल,
पाणी तांबडं झालं, घोडा पांढराच राहिला.

तुझा घोडा तांबूस होता, ठाऊक आहे मला. पण तांबूस घोडा तांबड्या पाण्यात दिसत नाही रे. भाटाला एवढी मोकळीक असते. तुझं प्रेत मिळालं नाही, राख मिळाली नाही, आईला हातात धरायला काही मिळालं नाही. घोडा तरी लांबून दिसणारा असावा, म्हणून पांढरा केला.

आईची एवढ्यात वाट बघू नकोस. ठणठणीत आहे ती.

तुझा मातु


एलेंबिविओस महिना, उतरता चंद्र
हस्ते : मयत बोद्दुक चाकवाला

विंदिल,

बोद्दुक कुठे राहील ते माहीत नाही, पण चाकाचा आवाज ऐकू आला की तिकडे जा आणि पत्र घे. घाईत लिहितो आहे. इथे एक भानगड झाली आहे आणि तिच्यात तुझं नाव आहे.

जत्रेत दक्षिणेची दारू येते, ती दरवर्षी रोमनांच्या लांबोड्या मातीच्या घड्यांतून. निम्मे घडे वाटेत फुटतात आणि फुटलेल्यांची किंमत न फुटलेल्यांवर चढते. यंदा एपिल खेचरवाल्याने लाकडी पिंपातून आणली. गावाची करमणूक झाली. आपलीच वस्तू, आपल्याच बापजाद्यांनी शोधलेली, दक्षिणेहून पाहुणी होऊन आलेली.

आई म्हणाली, "मला ने तिथे. कुणी केलंय बघू दे."

नेलं. तिने आधी बोटाच्या पेरांनी पिंप वाजवलं. मग फळ्यांच्या जोडांवरून हात फिरवला. मग कड्यावरून. कड्याच्या गाठीपाशी हात थांबला, आणि बराच वेळ तिथून हललाच नाही.

"मातु," ती म्हणाली, "हे विंदिलचं आहे."

मी वाकून बघितलं. उलटा पीळ. डाव्या हाताची गाठ.

आता गर्दीत एखादी गोष्ट हळू बोलायची आईला सवय नाही. चाकवाला बोद्दुक (तेव्हा जिवंत होता) ओरडला, "अरे, पलीकडून माल आला!" झालं. द्रुइडबुवांना बोलावणं गेलं. बुवांनी पिंपाला तीन प्रदक्षिणा घातल्या, एक पेला चाखला, नीट खात्री व्हावी म्हणून आणखी एक चाखला, आणि निवाडा दिला: इथे जो जे करत होता तेच तो पलीकडे करतो, ही आपली शिकवण आहेच. विंदिल इथे पिंपं करत होता, तिथेही करतो. सामोनिओसचा सण जवळ आला की दोन्ही गावांमधली दारं किलकिली होतात, त्यातून एखादं पिंप घरंगळत इकडे येऊ शकतं.

"आणि दारू?" कुणीतरी विचारलं.

"दारू त्यात होतीच," बुवा म्हणाले.

एपिल काही बोलायला गेला, पण तोवर लोकांनी दुप्पट भाव द्यायला सुरुवात केली होती. शहाण्या माणसासारखा तो गप्प बसला. बोद्दुकने एकट्याने इतकी ढोसली की परत येताना स्वतःच्याच गाडीखाली आला. जाता जाता म्हणाला म्हणे, "वाईट वाटून घेऊ नका, मला तिथला पत्ता ठाऊक आहे." असं प्रसन्न मरण गावात पूर्वी झालेलं नाही.

हसू नकोस, पुढचं ऐक. घरी आल्यावर आईने वाटी बाजूला सारली. "मातु, मी सामोनिओसला जाते."

"कुठे?"

"पलीकडे. झालं माझं इथलं."

"अगं, तू ठणठणीत आहेस!"

"म्हणून तर आत्ता जायचं. लंगडत कोण जाईल?"

तेव्हापासून ती दिवसाकाठी वाटीभर पेज घेते, बाकी काही नाही. गावातल्या बायका येतात आणि तिला आनंदाने निरोप देतात. "मावशी, तुमचा मुलगा भेटणार! नशीबवान आहात!" ती नुसती मान हलवते.

विंदिल, तू तिथे असशील तर सगळं ठीक आहे. ती येईल, तुला भेटेल, तुझी गाठ अजून घट्ट कशी नाही म्हणून तुला झापेल. पण मी ते पिंप पुन्हा एकदा बघितलं. बुडाला रोमन जकातीचा डाग आहे, लोखंड तापवून मारलेला. पलीकडच्या मालाला जकात कशी लागली? रोमन तिथवर पोचले का? तसं असेल तर मरण्यातही काही राम राहिला नाही.

उद्या एपिलला दारू पाजतो. त्याचीच.

मातु


एद्रिनिओस महिना, चढता चंद्र
हस्ते : एपिल खेचरवाला, जिवंत

श्रीमान गायुस वालेरिउस विंदिलुस यांस,
पिंपांचं दुकान, बंदराचा धक्का, नार्बो

साहेब,

आपली आमची ओळख नाही. आमच्याकडे एक विंदिल होता, पण तो वारला. त्याच्यावर मी एक गाणंही रचलं होतं, ते आपल्या कानावर आलं असेल. मिशी काढल्यापासून कानांना जरा मोकळं ऐकू येत असेल, नाही? एपिल सांगत होता की आपण मिशी काढली, केस कापले, आणि आता अंगाला ती लांबलचक चादर गुंडाळून बसता, जी सावरण्यात एक हात कायमचा अडकतो. कोणता हात अडकवता? डावा तर नाही ना?

एपिलला मी पाजली आणि विचारलं, पिंप कुणाचं? तो म्हणाला, "विंदिलुसचं. दक्षिणेत, रोमनांच्या नार्बो बंदरात, त्याच्यासारखी पिंपं कुणाची नाहीत."

"तो तर मेला."

"अहो भाटबुवा, मेला कसा? मागच्या खेपेला त्याने माझ्याशी दुपार होईतो घासाघीस केली. मेलेलं माणूस इतकं चिवट नसतं."

दुकानावर पाटी आहे म्हणे, 'अस्सल रोमन पिंपं'. वा. ज्या रोमनांना मातीच्या घड्याला बसायला बूड द्यायचं सुचलं नाही, त्यांच्या नावावर तुमच्या आजोबांची पिंपं.

बस झालं. मला हे आपण-तुम्ही जमत नाही. विंदिल, हलकटा, तू जिवंत आहेस.

एपिलने सगळं सांगितलं. तू ते दारूच्या गुत्त्यात मजेची गोष्ट म्हणून सांगतोस, असंही सांगितलं. लढाईच्या आदल्या दिवशी तू घोड्याला पाणी पाजायला म्हणून गेलास आणि सरळ रोमनांच्या छावणीत शिरलास. त्यांना पाण्यासाठी पिंपं हवी होती, तुला कातडी वाचवायची होती. सौदा जमला. इकडे हरणाच्या उताराला आपली माणसं सकाळी रांगेत उभी राहिली. तू डावखुरा, तुझी ढाल उजव्या हातात, म्हणून डावं टोक नेहमी तुझं. त्यांनी तुझी जागा मोकळी ठेवली. येईल, म्हणाले. विंदिल आहे, येईलच. त्या मोकळ्या जागेतून रोमन आत घुसले.

डावीकडून दुसरा कोण उभा होता, आठवतं? बानोनाचा नवरा.

तिच्या मनगटाला मी तुझ्या नावाचं पत्र बांधलं रे. तिच्याच. हसत हसत बांधलं.

आणि ती एकटी नाही. हरणाच्या उतारापासून आजवर गावात जो जो मेला, त्या प्रत्येकाबरोबर मी तुला पत्र धाडलं. ती सगळी माणसं आता पलीकडे दारोदार विचारत फिरत असतील, पिंपवाला विंदिल कुठे राहतो? आणि उताराला मेलेले त्यांना सांगत असतील, आम्हीही त्याचीच वाट बघतोय.

यापुढचं नीट वाच. आई तुला भेटायला म्हणून मरते आहे. रोजची पेज आता अर्ध्या वाटीवर आली. सामोनिओसला ती जाईल, तिथे तुला शोधेल, आणि तू नसशील. जो माणूस तिथे नाहीच त्याला एक आंधळी म्हातारी कायमची शोधत राहील. ते गाव मोठं आहे विंदिल, इथल्यापेक्षा फार मोठं.

मी तिला सांगितलेलं नाही. काय सांगू? तुझा मुलगा मेला नाही, नुसता निसटला? ज्या गाण्यावर ती इतकी वर्षं मान ताठ ठेवून जगली, त्यातला घोडाच काय, स्वारही खोटा?

तू ये. सामोनिओसच्या आधी. मिशीशिवाय ये, चादर गुंडाळून ये, रोमन होऊन ये, तिला काही दिसत नाही. तिला तुझा फक्त हात हवा. हात ओळखला की ती जेवेल. गावाची काळजी करू नकोस, पलीकडून चार दिवसांच्या सुटीवर आलाय म्हणून सांगीन. यांना तेही पटेल.

बाकीचा हिशेब आपण मग करू. आधी ये.

मातु


कांत्लोस महिना, उतरता चंद्र
हस्ते : अजून ठरलं नाही

निरोप पोचला.

एपिलने तोंडी सांगितला. तू लिहून का दिला नाहीस ते कळलं. गायुस वालेरिउसच्या हस्ताक्षरात गॉलची भाषा सापडायला नको. मी म्हटलं, शब्दाला शब्द सांग. तो बिचारा खेचराच्या मानेवर नजर ठेवून सांगत होता.

"तो म्हणाला, मी मेलोय हे सगळ्यांच्याच सोयीचं आहे. मुलाचं लग्न ठरतंय, जकात अधिकाऱ्याच्या मुलीशी. अशा वेळी डोंगरातली आई निघणं बरं दिसत नाही."

"आणखी?"

"म्हातारीला दुःख होऊ नये, असं म्हणाला. गाणं चालू ठेवा, म्हणाला. चांगलं आहे. नार्बोत शिपाईसुद्धा गातात. त्यानेही ऐकलंय, दोनदा."

"आणखी?"

"जाऊ द्या ना, भाटबुवा."

"एपिल!"

"म्हणाला, फक्त घोडा पांढरा नव्हता. तांबूस होता. तेवढं दुरुस्त करायला सांग."

आईसाठी साबणाची वडी पाठवलीस, तीही पोचली. आपलाच साबण, वरून रोमन वास. ती वडी मी आईला दिली नाही. तिच्याने मी एपिलचं खेचर धुतलं. तेव्हापासून ते आम्हाला ओळख दाखवत नाही.

मी तुझ्यावर एक गाणं रचलं आहे. नवीन. जुन्याच चालीवर, म्हणजे शिपायांना पाठ करायला सोपं. ज्याच्यावर मी असं निंदेचं गाणं केलं त्याच्या तोंडावर फोड उठतात, असं लोक म्हणतात. फोडांचं मला ठाऊक नाही, पण लग्नं मोडलेली मी बघितली आहेत. मुलाच्या लग्नाआधी नार्बोच्या प्रत्येक गुत्त्यात पोचेल.


सामोनिओस महिना, उतरता चंद्र
हस्ते : एपिल खेचरवाला, जिवंत, नाखुशीने

विंदिल,

आई गेली.

ते गाणं नार्बोला येणार नाही. का, ते सांगतो, म्हणजे तुझ्या मोठेपणामुळे वाचलास असा तुझा समज व्हायला नको.

शेवटच्या दिवसांत तिला पडवीतच अंथरूण घातलं होतं. लाकडाचा वास हवा म्हणाली. एका सकाळी मी शेजारी बसलो होतो, आणि मनात ठरवलं होतं की आज सांगायचं. तू येणार नाहीस आणि ती निघालीय. तर निदान माहीत असून निघू दे.

"आई," मी म्हटलं, "विंदिलबद्दल काही सांगायचं आहे."

"एपिल काय निरोप घेऊन आला?" ती म्हणाली.

"कुणाचा निरोप?"

"मातु, भाट झालास म्हणून सगळ्या जगाला गोष्टीच सांगशील का रे? तो जिवंत आहे. मला जत्रेतच कळलं."

"कसं?"

तिने हात पुढे केला आणि हवेतच बोटं फिरवली, पिंपाला कडं बांधावं तशी. "गाठ त्याचीच होती. पण शेवटचा वेढा सैल होता. त्याचा कधी सैल नसायचा. म्हणजे बोटं आखडली त्याची, सांधे धरले. त्याच्या बापाचे धरले होते तसेच." मग म्हणाली, "पलीकडे कुणी म्हातारं होत नाही, मातु."

मी तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"येणार नाही ना तो?" तिने विचारलं.

"नाही."

"आला असता तर मी हाकलला असता." हे ती अगदी साधेपणाने म्हणाली, पोरांची वाकडी फळी बाजूला टाकताना म्हणते तशी. मग विचारलं, "सुखात आहे?"

"मुलाचं लग्न आहे."

"मला नातू आहे?" तिचा चेहरा एकदम उजळला. विंदिल, हे मी तुला सांगणार नव्हतो. त्या एका क्षणापुरता ती तुला सगळं माफ करून बसली होती. मग तिला बाकीचं आठवलं असावं.

मी चिडून म्हटलं, "तो तिकडे नाही हे माहीत असताना तू कुणाला भेटायला निघालीस मग? जेव ना! आता मरायचं काय कारण?"

"तोच तर तिकडे नाही," ती म्हणाली. "बाकीचे सगळे आहेत. ज्यांनी त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवली ते आहेत. बानोनाचा नवरा आहे. आता बानोनाही गेली, तुझं पत्र हातात घेऊन विंदिलला शोधत असेल. मातु, त्या माणसांपुढे आमच्या घरचं कुणी जायला नको का? तो जाणार नाही. मग कोण जाईल? गाडीखाली येऊन बोद्दुक गेला, तो काय बोलणार? मीच जायला हवं. तोंड दाखवायला हवं."

मग तिने माझ्याकडून शपथ घेतली. गावात हे कळता कामा नये. बानोनाची मुलं मोठी झाली आहेत, त्यांच्या हातात भाले आहेत, आणि नार्बोच्या वाटेवर आता रोमनांनी फरसबंदी केली आहे. पोचायला त्रास नाही. "त्या लग्नाच्या पोराने काय केलंय?" ती म्हणाली. "नवीन गाणं केलं असशील तर विसर."

"तुला कसं माहीत, नवीन गाणं?"

"झोपेत चाल गुणगुणतोस. चाल जुनी, पण दात खाऊन."

मी शपथ घेतली. तुझं नाव वाचलं ते असं.

सामोनिओसच्या सणाच्या सकाळी ती गेली. चितेपाशी सगळा गाव लोटला होता. इतकी पत्रं मी आजवर एकाही प्रेतावर पाहिलेली नाहीत, आणि निम्म्याहून अधिक तुझ्या नावावर. लोकांनी तुझ्याकडे पिंपांची मागणी नोंदवली होती. द्रुइडबुवांनी, ज्यांना लिहिणं पसंत नाही, दोन पिंपं मागितली. सुताराची विधवा मात्र आपल्या मार्गावर ठाम होती. मला कोपराने ढोसून म्हणाली, "मावशींना नीट सांगितलंस ना? कुऱ्हाडीचं?"

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. भाटाने गाणं म्हणायचं असतं, आणि आईच्या चितेवर कोणतं म्हणायचं हे ठरलेलंच होतं.

म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. पांढऱ्या घोड्यावरून उतारात शिरला विंदिल. बानोनाची मुलं समोर उभी होती, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ती माझ्याबरोबर म्हणत होती. त्यांच्या बापाला ज्याने उघड्यावर सोडलं त्याचं नाव ती मनापासून गात होती, आणि मी त्यांना चाल धरून देत होतो. तू माझ्याशी जे जे केलंस, त्यात याच्याइतकं वाईट काहीच नाही. तुझा खोटेपणा आता माझ्या तोंडात राहायला आला आहे. तो मी रोज म्हणणार, बाजारात, लग्नांत, मयतांत. लोक टाळ्या देतील.

आईच्या हातात मी माझं पत्र ठेवलं. तुझ्या नावाचं नाही. बानोनाच्या नवऱ्याच्या नावाचं. त्यात काय लिहिलं ते तुला कळायची गरज नाही.

तुला मात्र एक सांगतो. हे माझं शेवटचं पत्र. एपिलबरोबर यापुढे निरोप नको. तो म्हणतो खेचरालाही आता ओझं वाटतं. तुला मेलेला राहायचं आहे ना? राहा. नार्बोत तुझी सून येईल, नातवंडं होतील, ती तुला रोमन भाषेत आजोबा म्हणतील. मग एक दिवस तुझी बोटं पुरती आखडतील आणि तू खरोखर मरशील. रोमन तुझी राख घड्यात भरतील, बूड नसलेल्या. तुझ्याबरोबर कुणी पत्र देणार नाही. तुझ्या हातून कुणाला निरोप धाडावासा वाटणार नाही. तू मोकळ्या हातांनी पलीकडे पोचशील.

तिथे तुला पत्ता विचारावा लागणार नाही. वेशीवरच सगळे उभे असतील. बानोना असेल, तिचे हंस असतील. इतक्या वर्षांची तुझी पत्रं एकेकाच्या हातात असतील, आणि प्रत्येकाने ती दुसऱ्याकडून वाचून घेतलेली असतील. आई पुढे असेल. तिला तिथे दिसायला लागलेलं असेल.

ती काय करेल, ते मला ठाऊक नाही. मी पाळलेला मुलगा. पोटच्यांच्या बाबतीत बायकांचं काही सांगता येत नाही.

आणि घोडा पांढराच राहील.

मातु